चूक कुठे कळते?

इंजिनच्या तळाशी ऑईल साठवणाऱ्या चेंबरखालचा ड्रेन बोल्ट दिसायला अगदी मामुली. मारुतीच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याला १७ नंबरचा पाना लागतो. आट्यांची लांबी अंगठ्याच्या नखाएवढी. एवढ्याशा आट्यांवर तीनेक लिटर ऑईल अडून बसलेलं असतं. घरी गाडीचं काम शिकायचंय, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: ऑईल बदलण्यापासून कर, सोपं आहे. सोपं आहेच. बोल्ट खोलायचा, जुनं ऑईल गळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, नवं ओतायचं. सवयीच्या माणसाला पाऊण तास, नवख्याला दोन.

केबिनचा एसी फिल्टर बदलणंही सोपंच. ग्लोव्हबॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं झाकण काढायचं, जुना ओढून नवा सरकवायचा. पाच मिनिटं. तो उलटा बसला, हवेच्या दिशेचा बाण चुकला, तरी काही आकाश कोसळत नाही. ऑईल बदलताना मात्र जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर इंजिन सुरू झाल्यावर दोन रिंगांच्या मधून ऑईल पिचकारीसारखं बाहेर पडतं. लक्षात आलं नाही तर काही मिनिटांत इंजिन जाम. कामं दोन्ही ‘सोपी’.

म्हणून सोपं-अवघड हे माप मला फसवं वाटतं. त्यापेक्षा असं विचारावं की यात माझ्या हातून चूक झाली, तर ती मला कुठे कळेल? पार्किंगमध्ये, बोनेट उघडं असताना? सोसायटीच्या गेटपाशी? की वरंध घाट उतरताना, मागच्या सीटवर आई-बाबा बसलेले असताना? ज्याचा हात चांगला म्हणतात, त्याच्याकडूनही चुका होतात. पण तो प्रत्येक कामात एक जास्तीची पायरी घालतो, आणि तिच्यामुळे चूक घरीच उघडी पडते. ही पायरी गॅरेजमधल्या घाईत सगळ्यात आधी गाळली जाते. घरी काम करण्यात काही मजा असेल तर ती पैसे वाचण्यापेक्षा इथे आहे: आपल्याला घाई नसते.

कुर्ल्याला बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात मालकाला थोडंफार शिकावंच लागे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट झिजत, त्यांच्यातली फट फीलर गेज घालून जुळवावी लागे, कार्बोरेटरमध्ये कचरा अडके. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिलाही कार्बोरेटरच होता. २०००च्या सुमारास इंधन इंजेक्शन आलं आणि ही रोजची खुडबूड संपली. त्यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकला. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, आपल्या हातात काही उरलं नाही, असं म्हणतात. गेलं ते जुळवणं. झिजणं आहे तिथेच आहे. ऑईल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बॅटरी, वायपर, टायर, कूलंट यांतलं काहीही कॉम्प्युटर बदलून देत नाही.

सगळ्यात खालच्या पायरीला पाना लागतच नाही. सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना बोनेट उघडायचं आणि नुसतं बघायचं. ऑईलची काडी पुसून पुन्हा घालून काढायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कूलंटच्या पांढऱ्या डब्यावर ‘लो’ आणि ‘फुल’ लिहिलेलं असतं, तिथेही तेच. दर महिन्याला कूलंट कमी होत असेल तर वरून भरत राहणं हा उपाय नव्हे, ते कुठेतरी जातंय. पाणी घालायची वेळ आलीच तर बोअरचं किंवा नळाचं नको. क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, किंवा तयार मिश्रण. गरम इंजिनच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी उघडतं. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण सैल होताच दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं.

ब्रेक ऑईलच्या डबीकडे बघायची तऱ्हा निराळी. तिची पातळी महिनोन्‌महिने हळूहळू उतरत असेल तर गळती असेलच असं नाही. पॅड जसजसे झिजतात तसतसा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातला) पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागे जास्त ऑईल मावतं. म्हणजे ती डबी पॅडच्या झिजेचा काटाच आहे. सर्व्हिसिंगला कुणी सवयीने वरपर्यंत भरून टाकली की हा काटा मोडतो, आणि पुढे पॅड बदलताना तेच जास्तीचं ऑईल सांडून रंग खातं. अचानक उतरली तर मात्र गळतीच समजा आणि गाडी हलवू नका.

एअर फिल्टर बदलणं पोरखेळ वाटतो. चार क्लिपा किंवा दोन-तीन स्क्रू, वरचं झाकण, आत घड्यांचा कागद. जुना झटकून उजेडापुढे धरला की कळतं. हवेने साफ करायचा तर आतून बाहेर, दाब कमी ठेवून. बाहेरून मारली तर धूळ कागदात रुततेच, वर कागद फाटतो तो वेगळा. पण या कामातली चूक सगळ्यात घुमी. फिल्टरची रबरी कड खाचेत नीट बसली नाही, एखादी क्लिप वरच्या वर अडकली, तर गाडी काहीही सांगत नाही. ॲव्हरेज तेच, आवाज तोच. फक्त कडेच्या फटीतून कच्च्या रस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जात राहते आणि पिस्टनच्या रिंगा घासत राहते. काही हजार किलोमीटरनंतर गाडी ऑईल खायला लागते, तेव्हा तो फिल्टर कुणाच्या लक्षातही नसतो. इथली जास्तीची पायरी म्हणजे झाकण लावण्याआधी कडेवरून सबंध बोट फिरवायचं, आणि पुढच्या वेळी डब्याच्या आतल्या, इंजिनकडच्या बाजूला पांढऱ्या फडक्याने पुसून बघायचं. फडक्यावर धूळ आली तर मागची बसवणी चुकली होती.

बॅटरी याच्या अगदी उलट. तिथे चूक ताबडतोब बोलते, ठिणग्यांनी. काढताना आधी काळी वायर, लावताना आधी लाल, हा नियम पाठ करण्याऐवजी समजून घेतला की विसरत नाही. गाडीचा सगळा पत्रा म्हणजे काळं टोक. काळी जोडलेली असताना लाल नट खोलायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं, तर सरळ शॉर्ट सर्किट. पाना लाल होऊन तिथेच चिकटू शकतो. काळी आधी काढली की पाना कुठेही लागला तरी वाट बंद. टोकांवर आलेली हिरवट-पांढरी पूड गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने जाते; मग कोरडं पुसून व्हॅसलीनचा हात.

तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घरात असला तर बॅटरीवाल्याकडे जायच्या आधीच अर्धा निकाल लागतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२च्या खाली म्हणजे उतरली. चावी फिरवून स्टार्टर फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी म्हातारी झाली. आणि सगळ्यात उपयोगाचं माप इंजिन चालू असतानाचं: साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तिथे १२.३ दिसत असेल तर अल्टरनेटर चार्जच करत नाही. बॅटरी बसली म्हणून नवी घेतली आणि चार दिवसांनी तीही बसली, या प्रकाराचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. नव्या गाड्यांत बॅटरीच्या काळ्या टोकापाशी सेन्सर असतो आणि संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो. तिथे एका आकड्यावरून फैसला करू नये.

प्लगच्या बाबतीत स्वस्तातला ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारी डबी, मोठं काम करतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचा, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा. इंजिन थरथरतंय, पिवळा दिवा लागलाय, आणि कोड आला पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी-इंधनाचा मेळ चुकतोय. कोड इतकंच सांगतो. काय बदला ते सांगत नाही, आणि कोड वाचून थेट पार्ट मागवणारा माणूस पैसे घालवतो. इथे एक फुकटची युक्ती आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) दुसऱ्यावर लावा, दुसरीची पहिल्यावर. कोड पुसा, गाडी थोडी चालवा. आता पी०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर गेला, म्हणजे कॉइल खराब. पी०३०१च राहिला तर कॉइल निर्दोष. आता प्लगची अदलाबदल करून बघा. तोही निर्दोष निघाला तर मग इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, आणि ते गॅरेजचं काम. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत ही पाळी लवकर येते, कारण त्या वायूला पेटायला जास्त जोरकस ठिणगी लागते.

प्लग काढायचा तो इंजिन गार झाल्यावरच. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना आटे ओढून निघू शकतात. खोलण्याआधी प्लगच्या विहिरीतली धूळ हवेने उडवायची, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग गोटीच्या (पान्याला जोडायच्या सॉकेटच्या) लांब दांड्याला लावून, पाना न जोडता, नुसत्या बोटांनी फिरवायचा. आडवा लागला तर बोटांना लगेच कळतं. पान्याला कळत नाही, तो आटे कापत पुढे जातो. बोटांनी तळाला टेकला की मग पाना, आणि नव्या वायसरवाल्या प्लगला साधारण अर्धा फेरा. वायसर एकदा दबली की पुढच्या वेळी तोच प्लग घालताना घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकतो तेवढा फेरा पुरतो.

बोटांनी आटे धरायचे हा नियम सगळ्याच बोल्टना लागू, आणि आता त्या ड्रेन बोल्टकडे परत जाऊ.

ऑईल थोडं कोमट हवं. पाच मिनिटं इंजिन चालवलं की पुरे. फार तापवलं तर हात भाजतो. भरायचं वरचं झाकण आधी सैल करून ठेवायचं, म्हणजे खाली धार नीट पडते. पाना रिंगचा किंवा सहा कोनी गोटी. दोन बाजूंनीच धरणारा फिक्स पाना घट्ट बोल्टचे कोपरे गोल करतो, आणि गोल झालेला ड्रेन बोल्ट हे घरी सोडवायचं दुखणं नाही. गाडीखाली आडवं पडल्यावर सैल-घट्ट दिशेचा हमखास गोंधळ होतो. तोंड बोल्टच्या डोक्याकडे करून बघायचं, घड्याळाच्या उलट म्हणजे सैल. बाकी कुठल्याही बाजूने विचार करू नये. शेवटचे दोन आटे उरले की बोल्ट आत दाबून धरत फिरवायचा आणि एकदम बाजूला घ्यायचा. तरी तो ऑईल धरायला ठेवलेल्या बेसिनमध्ये पडतोच; मग काळ्या ऑईलमध्ये बोटं घालून शोधणं आलं.

दहा मिनिटं थेंब थेंब गळू द्यावं. तोवर फिल्टर. काढताना हाताने नाही निघाला तर फिल्टर पाना. बसवताना मात्र पाना कधीच नाही. काढलेल्या फिल्टरवर त्याची रबरी रिंग आहे ना, हे डोळ्यांनी बघायचं. नसेल तर ती इंजिनवर आहे. नव्या फिल्टरच्या रिंगेला नवं ऑईल बोटाने लावायचं, रिंग टेकेपर्यंत फिरवायचा, आणि टेकल्यावर पाऊण फेरा. मारुतीच्या पुस्तिकेत असंच दिलेलं असतं. ‘अजून जरा घट्ट’ करायचा मोह आवरायचा. पुढच्या वेळी काढायचा आपल्यालाच असतो.

ड्रेन बोल्टला नवी वायसर. ती मऊ धातूची असते, एकदा दबली की तिचं काम संपलं. सुझुकीच्या या इंजिनांना बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, ३५ न्यूटन-मीटर सांगितलेला असतो. आकड्याने काही कळत नसेल तर असा हिशेब करा: पंचवीस सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला चौदा किलोचा भार. घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो साधारण तेवढा. मनगटाचा जोर झाला हा, खांद्याचा नाही. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर जास्त जोराने त्याचे आटे निघतात, आणि दुष्टपणा असा की ते त्याच दिवशी निघतीलच असं नाही. आज बोल्ट घट्ट ‘लागल्यासारखा’ वाटतो आणि पुढच्या वर्षी खोलताना आट्यांची तार त्याच्याबरोबर बाहेर येते. मग नवे आटे पाडून आत स्प्रिंगसारखी आट्यांची बाही बसवा, किंवा चेंबर बदला.

ग्रेड पुस्तिकेत असेल तोच. मारुतीच्या जुन्या के-सीरिज इंजिनांना ५डब्ल्यू-३०, नव्यांना त्याहून पातळ, ०डब्ल्यू-१६पर्यंत. ‘पातळ ऑईल म्हणजे पाणी, जरा घट्ट टाका’ हा सल्ला पद्मिनीच्या काळातला आहे. आजच्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी बारीक, आणि जिथे व्हॉल्व्हची वेळ ऑईलच्या दाबानेच बदलते तिथे घट्ट ऑईल वेळेवर पोचतच नाही. ओतताना पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओतून थांबायचं. आता जास्तीची पायरी: इंजिन सुरू, ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला का बघायचं, लगेच खाली वाकून बोल्ट आणि फिल्टरवर टॉर्च मारायचा. अर्ध्या मिनिटाने बंद. पाच मिनिटं थांबून काडी बघून उरलेलं थोडं थोडं. रिंगेवर रिंग चढली असेल, वायसर विसरली असेल, ते याच अर्ध्या मिनिटात फरशीवर दिसतं. तो लाल दिवा दाबाचा आहे, पातळीचा नाही. रस्त्यात लागला तर ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ म्हणायला वेळ नसतो, इंजिन तिथेच बंद.

जुनं ऑईल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्यायचं. कायद्याने तो घातक कचरा आहे. गटारात ओतायचं नाही, आणि लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी पद्धतही सोडलेली बरी.

सुटे भाग पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्यायला गेलात तर गाडीचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीला वर्षागणिक इंजिन बदललेलं असतं. चॅसी नंबर सांगा, आणि जुना पार्ट पिशवीत घेऊन जा. ऑईल फिल्टरच्या तोंडातून आत बघितलं तर भोकांमागे रबराचा पडदा दिसतो; इंजिन बंद असताना ऑईल परत खाली उतरू नये म्हणून तो असतो. बनावट फिल्टरमध्ये तो कडक तरी असतो किंवा नावापुरता, आणि मग रोज सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखड ऐकू येते.

आता जॅक. इथे वरचं सगळं माप कोलमडतं, कारण चूक झाली तर ती कळायला आपण शिल्लक राहू याची खात्री नाही. डिकीतला जॅक चाक बदलण्यासाठी आहे, खाली शिरण्यासाठी नाही. खाली शिरायचं तर दोन स्टँड हवेत, ज्याला गॅरेजमध्ये घोडी म्हणतात, आणि तेही पत्र्याच्या कडेला पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेखाली. विटांची चळत नको, सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर मुळीच नको. तो तडा न दाखवता एकदम बसतो. जमीन सपाट आणि कडक, हँडब्रेक, पहिला गिअर, जे चाक उचलायचं त्याच्या तिरप्या चाकाला पुढून-मागून दगड. गाडी घोडीवर ठेवल्यावर, खाली जायच्या आधी, बाजूने चांगली हलवून बघायची. पडायची असेल तर आत्ता पडू दे. काढलेलं चाकही आडवं करून पत्र्याच्या कडेखाली सरकवून ठेवावं.

चाकाचे नट गाडी उचलण्याआधी अर्धा आटा सैल करायचे, चाक जमिनीवर असताना. लावताना आधी बोटांनी, मग चांदणीच्या क्रमाने, एक सोडून एक. छोट्या गाड्यांत टॉर्क ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. ८५ म्हणजे तीस सेंटीमीटरच्या पान्याला एकोणतीस किलो: गॅसने भरलेला अख्खा सिलिंडर. पान्यावर उभं राहून उड्या मारणारे पंक्चरवाले आठवा. सत्तर किलोचा माणूस नुसता उभा राहिला तरी दोनशेच्या वर जातो. नट ज्यावर बसतो तो स्टड ताणला जातो, आणि पावसात एखाद्या रात्री स्टेपनी लावायची वेळ आली की तो नट तुमच्याने हलत नाही.

पुढचे ब्रेक पॅड हे घरगुती कामातलं शेवटचं टोक. लोक याला घाबरतात, आणि ती भीती योग्य असली तरी जागा चुकलेली असते. पॅड सरकवणं अवघड नाही. चाक काढलं की कॅलिपरच्या मागे दोन बोल्ट दिसतात. खालचा काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर दारासारखा वर उघडतो. पूर्ण काढावा लागला तर त्याला ब्रेकच्या पाइपवर लोंबकळू द्यायचं नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे क्लिपा कशा होत्या हे विसरलं तर दुसरी बाजू नमुन्याला असते.

जुने पॅड हातात घेऊन वाचायचे. दोन्ही सारखे झिजले असतील तर ठीक. आतला संपलेला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या अडकल्यात. नुसते पॅड बदलले तर नवेही तसेच खाल्ले जातील. पिना काढून पुसून रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. साधं ग्रीस रबरी टोपणं फुगवतं आणि पिना पहिल्यापेक्षा घट्ट होतात. आपल्याकडे हे पावसाळ्यानंतर फार दिसतं. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते, तीही तपासायची.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलायला हवा. जुना पॅड त्यावर आडवा ठेवून जी-क्लॅम्पने सावकाश. वरच्या डबीचं झाकण सैल आणि एक डोळा तिच्यावर. भरून वाहायला लागली तर सिरिंजने थोडं काढा. मागे डिस्क आणि बटणाचा हँडब्रेक असेल तर तो पिस्टन असा ढकलायचा नाही, त्याची मोटर मोडते. डिस्कला बोटांचा तेलकटपणा लागला तर ब्रेक क्लीनरने पुसा, आणि ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नका.

सगळं बसलं, चाक लागलं, हात धुतले. इथेच अपघात होतात. पिस्टन आत ढकललेला आहे, पॅड आणि डिस्कमध्ये फट आहे, आणि पहिल्यांदा पेडल दाबलं की ते थेट तळाला जातं. ब्रेक नाहीतच. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला अर्ध्यावर येतं, मग कडक होतं. म्हणून इंजिन सुरू करायच्या आधी, गाडी जागेवर असताना, पेडल दगडासारखं लागेपर्यंत दाबायचं. मग इंजिन चालू करून पुन्हा. बूस्टरमुळे ते किंचित खाली येईल आणि थांबेल. खाली खाली जात राहिलं तर कुठेतरी गळतंय किंवा हवा आहे, गाडी हलवायची नाही. मग पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगाने चार वेळा थांबून बघायचं. मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत. नवे पॅड डिस्कशी जुळतात ते असे.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ३ ग्रेडचं ब्रेक ऑईल नवं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ही हमी १४०वर येते. आंबेनळी घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर असेल तर तिथवर पोचणं कठीण नाही. उकळलं की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल स्पंजासारखं जातं. हे काम दोघांचं. एक वर पेडलवर, एक खाली कॅलिपरवरच्या निपलपाशी, जिथून जुनं ऑईल आणि हवा बाहेर काढतात.

“दाब.”

“दाबलंय.”

“धरून ठेव... हं, सोड.”

खालच्याने निपल बंद करायच्या आधी वरच्याने सोडलं तर हवा उलटी आत ओढली जाते, आणि पुन्हा पहिल्यापासून. वरची डबी मध्येच रिकामी झाली तरी तेच. त्यातून एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. जोडीदार निवडताना गाडीचं ज्ञान नको, सांगितलं तेवढंच करणारा पाय हवा.

याच्यापुढे माझ्या लेखी दार बंद. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या, भगव्या जाड वायरी हायब्रिड आणि विजेवरच्या गाड्यांतल्या उच्च दाबाच्या. सीएनजीची नळी २०० बारच्या दाबाखाली असते. एसीचा गॅस, टायमिंग बेल्ट, क्लच. यांत चूक कळण्याची जागा आपल्या हातात नसते. आणि एक काम असं आहे की ते न करण्यातच कौशल्य आहे: साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर चावी पुन्हा फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५च्या मुंबईत अशी किती इंजिनं चावीच्या एका फिरकीने गेली असतील, कोण जाणे.

चाक काढलं होतं, म्हणून एक पायरी अजून बाकी आहे. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की गाडी गार असताना चाकाच्या प्रत्येक नटाला टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर आला की ‘टक्’ करणारा पाना, पुन्हा लावायचा. रिम आणि हबच्या मध्ये गंज किंवा मातीचा पापुद्रा राहिला असेल तर तो एव्हाना चुरून गेलेला असतो आणि नट तेवढाच ढिला पडतो. चारांपैकी तीन नट न हलता ‘टक्’ करतात. चौथा ‘टक्’ करण्याआधी पाव फेरा फिरतो.